दोन गडांमधली वाट

राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरणारी एक डोंगरधार तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत जाते. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, गुंजवणी आणि वेळवंडी या दोन नद्यांच्या खोऱ्यांच्या मधोमध हा डोंगर उभा आहे. धडधाकट माणसाला एका दिवसात ही वाट पुरी करता येते. पहाटे राजगड सोडावा, अळू दरवाज्याने बाहेर पडावे, कारवीच्या रानातून धारेवर यावे, मध्ये खिंडीत डांबरी सडक ओलांडावी, एखाद्या धनगरवाड्यावर ताक प्यावे आणि उन्हे कलायच्या आत तोरण्याच्या कड्याला लागावे. दर हिवाळ्यात शेकडो तरुण ही चाल करतात. पाठीवरच्या पिशव्या बदलल्या, पायांतले जोडे बदलले, वाट मात्र तीच आहे.

या वाटेने जाणारा माणूस बहुधा दोन गड पाहून आलो असे सांगतो. मधल्या धारेचा उल्लेख तो दमल्याच्या हिशेबात करतो. वास्तविक इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर या दिवसभराच्या चालीत शिकण्यासारखे सर्वांत अधिक काही असेल तर ते या मधल्या धारेवरच आहे. एक साधा प्रश्न मनात ठेवून ही वाट चालावी. औरंगजेबासारखा बादशहा, हिंदुस्थानातील सर्वांत मोठी फौज आणि सर्वांत मोठा खजिना घेऊन, १६९९ ते १७०५ अशी सहा वर्षे याच सह्याद्रीत एकेका गडापुढे तळ देऊन बसला आणि तरीही मराठ्यांचे राज्य त्याला बुडविता आले नाही. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी, १८१८ मध्ये, इंग्रजांच्या काही पलटणींनी तेच गड अवघ्या काही महिन्यांत घेतले आणि राज्य बुडाले. डोंगर तेच होते, कडे तेच होते, तटही बहुतेक तेच होते. मग बदलले काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर प्रथम गड म्हणजे काय हेच नीट पाहावे लागते.

तोरणा जुना, राजगड त्यामानाने नवा. सोळाशे चाळिसांच्या दशकात तोरणा शिवाजी महाराजांच्या हाती आला. त्याच्याच समोरचा मुरुंबदेवाचा डोंगर महाराजांनी बांधून काढला आणि त्याचे नाव राजगड ठेवले. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला, अशी कथा बखरकारांनी सांगितली आहे. कथेतले धन किती होते हे बाजूस ठेवले, तरी तिच्यातला आशय खरा वाटतो. एका गडाने दुसरा उभा केला, ही गोष्ट या डोंगरावरून चालताना पायांनाही पटते. सुमारे पाव शतक राजगड ही स्वराज्याची राजधानी होती. सईबाईंनी १६५९ मध्ये येथेच देह ठेवला. आग्र्याहून सुटून महाराज १६६६ मध्ये येथेच परतले. राजाराम महाराजांचा जन्म १६७० मध्ये येथलाच. त्याआधी १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला, तेव्हा तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि बारा पदरी राहिले. त्या बारांत राजगड आणि तोरणा हे दोन्ही होते. सर्वस्व देण्याची वेळ आली असताना माणूस कोणती वस्तू मुठीत घट्ट धरतो, यावरून त्या वस्तूची किंमत कळते.

राजगडाची संजीवनी माची हा बांधकामाचा एक नमुना आहे. तीन टप्प्यांनी खाली उतरत गेलेली ही सोंड दुहेरी तटाने बांधून काढली आहे. बाहेरचा तट चढून शत्रू आत आला, तरी तो गडात पोहोचत नाही. दोन तटांमधल्या अरुंद बोळात तो सापडतो आणि त्याच्या डोक्यावर आतला तट उभा राहतो. तट सरळ रेषेत कोठेच नाही. डोंगराची धार जशी वळते तसा तो वळतो, आणि प्रत्येक वळणावर बुरूज आहे. आज त्या बोळांतून उतरताना दोन्ही खांदे दगडाला घासतात. हा घट्टपणा मुद्दामच राखलेला आहे, हे उतरणाऱ्याच्या ध्यानात लगेच येते.

परंतु तट हा गडाचा एक भाग झाला. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी जे आज्ञापत्र लिहिले, त्यातील दुर्गांचे प्रकरण ज्याने वाचले आहे त्याला गडाकडे पाहण्याची निराळीच दृष्टी मिळते. अमात्यांनी आयुष्यभर गड राखले होते, गमावले होते आणि परत घेतले होते. त्यामुळे त्यांच्या लिहिण्यात पुस्तकी असे काही नाही. ते सर्वांत आधी विचारतात पाण्याविषयी. जागेवर पाणी नसेल आणि गड तर बांधणे भाग असेल, तर खडक फोडून टाकी खोदावीत, असे त्यांचे सांगणे आहे. एक झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या धडाक्याने झरे आटतात, इतक्या बारकाईने त्यांनी विचार केला आहे. दरवाजा खालून दिसू नये, त्याच्यापुढे बुरूज असावा. एकच दरवाजा असणे हे मोठे वैगुण्य, म्हणून चोरवाटा राखाव्यात. घेऱ्यातली झाडी जपावी. दारूचे कोठार घरांजवळ नसावे. गडाच्या रस्त्यांवर केर पडू देऊ नये, तो जागोजाग जाळावा आणि त्याची राख परसात घालून घरोघर भाजीपाला करावा, इथपर्यंत हा राजनीतिज्ञ उतरतो.

ही राखेची आणि भाजीपाल्याची गोष्ट वाचून आपल्याला हसू येते. पण क्षणभर थांबून विचार करावा. जेथे परसात भाजी आहे तेथे घर आहे, घर आहे तेथे बायकामुले आहेत आणि गडाखाली त्यांची जमीन आहे. आज्ञापत्रातला गड हा माणसांचा गाव आहे. हवालदार, सबनीस, सरनोबत, कारखानीस अशी कामे वाटलेली असत, आणि सभासदाच्या बखरीप्रमाणे ते अधिकारी निरनिराळ्या जातींचे नेमण्यात येत, की कोणा एकाच्या मनात फितुरी आली तरी त्याला गड परभारे देता येऊ नये. घेऱ्यात रामोशी, कोळी, महार, मांग, बेरड यांच्या चौक्या आणि वस्त्या असत. कोणत्या कपारीतून माणूस चढू शकतो आणि कोणत्या घळीतून रात्री पाणी आणता येते, हे त्यांना ठाऊक. गडाची खरी तटबंदी या माहितीची होती.

तोरण्याच्या इतिहासातच याचा पुरावा आहे, आणि तो आपल्याला सुखावणारा नाही. १७०३ च्या डिसेंबरात औरंगजेबाने राजगडाला वेढा घातला. दोन-अडीच महिने तोफा चालल्या आणि फेब्रुवारीत बोलणी होऊन गड त्याच्या हाती आला. मग तो याच डोंगराच्या दुसऱ्या टोकाकडे, तोरण्याकडे वळला. मार्च १७०४ मध्ये एका रात्री अमानुल्लाखान नावाचा मोगल सरदार दोराच्या शिड्या लावून मूठभर शिपायांनिशी कडा चढून गेला आणि तोरणा पडला. बादशहाला पैसे न मोजता केवळ हल्ल्याने मिळालेला त्या मोहिमेतला हा गड, म्हणून त्याचे कौतुक फार झाले आणि तोरण्याला ‘फुतूहुल्घैब’ असे भारदस्त नाव देण्यात आले. पण अमानुल्लाबरोबर कडा चढणारे ते शिपाई कोण होते? ते मावळे होते. ज्या हातांनी हे कडे राखले त्यांच्याच जातकुळीच्या हातांनी ते सर केले. दगड कोणाचीच बाजू घेत नाही. बाजू घेतात ती दगड ओळखणारी माणसे.

असे असूनही बादशहाच्या पदरात काय पडले? त्या सहा वर्षांची हकीकत पाहिली, तर मन थक्क होते. साताऱ्यापुढे १७०० साली त्याच्या स्वतःच्याच सुरुंगाने उडालेला तट त्याच्याच फौजेवर कोसळला आणि शेकडो माणसे गाडली गेली. खेळणा म्हणजे विशाळगड घेण्यासाठी १७०१ च्या अखेरपासून पुढच्या जूनपर्यंत वेढा चालला, शेवटी किल्लेदाराला मोठी रक्कम देऊन तो घ्यावा लागला. आणि तेथून पन्हाळ्यापर्यंतचे पन्नासेक किलोमीटर परत येताना पावसाने, चिखलाने आणि ओढ्यांनी फौजेची अशी दैना केली की एवढ्याशा अंतराला सव्वा महिन्याहून अधिक दिवस लागले. एक गड घ्यावा, दुसऱ्याकडे वळावे, तो पहिला मागे निसटलेला असावा, असा हा खेळ होता. राजगड आणि तोरणाही थोड्याच वर्षांत परत मराठ्यांकडे आले.

याचे कारण गडाच्या आत शोधून सापडत नाही, ते बाहेर आहे. बादशहा गडाला वेढा घालून बसे, तेव्हा मराठ्यांच्या घोडदळाच्या टोळ्या त्याच्या छावणीला वेढा घालून असत. बैलांचे तांडे लुटावेत, दाण्याची रसद तोडावी, चाऱ्याला गेलेल्या लोकांना गाठावे, दूर खानदेशात किंवा गुजराथेत उठाव करून मोगल सरदारांना तिकडे धावायला लावावे, हे काम अखंड चालू होते. ताराबाईंच्या कारभारात याला एक सूत्र आले. गडकऱ्यांनी शक्य तितके दिवस काढावेत, पावसाळा गाठावा, तोपर्यंत बाहेरच्यांनी वेढ्याचा खर्च वाढवत न्यावा, आणि अगदीच निभेना तेव्हा भरपूर पैसे घेऊन गड द्यावा व सवडीने परत घ्यावा. गड आणि फिरती फौज हे एकाच हाताचे दोन पंजे होते. एकाने धरायचे आणि दुसऱ्याने ओरबाडायचे.

आता १८१८ कडे वळू. खडकीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात झाली. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावची झाली. फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले, आणि त्यांच्याबरोबर पेशव्यांची मैदानातली फौजही संपली. त्यानंतर जे झाले ते युद्ध या नावाला पात्र आहे की नाही याचीच शंका वाटते. मार्चच्या आरंभी सिंहगड गेला, पाठोपाठ पुरंदर गेला, १० मे रोजी रायगड गेला. इंग्रजांजवळ उखळी तोफा होत्या. त्यांतून उडविलेले कुलपी गोळे तटाला न शिवता वरून आत पडत आणि फुटत. रायगडावरचे वाडे अशाच गोळ्यांनी पेटले. या नव्या तोफांचा वाटा मोठाच होता. तट कितीही दुहेरी असला तरी त्याला छप्पर नसते.

तथापि सगळे श्रेय उखळी तोफांना देऊन मोकळे होता येत नाही. त्या गडांपैकी कित्येकांवर शिबंदी नाममात्र उरली होती. पेशवाईत राज्याचे केंद्र मैदानात, पुण्याला आले. दौड उत्तरेकडे वळली, घोड्याला महत्त्व आले, गाडीतोफखान्याला महत्त्व आले. गड उरला तो अडचणीच्या वेळी बायकामुले आणि जडजवाहीर ठेवायला, नाहीतर नावडत्या माणसाला कोंडायला. सवाई माधवरावांचा जन्म १७७४ साली पुरंदरावर झाला तो गडाच्या आसऱ्याचा एक प्रकार. सखारामबापू बोकिलांसारखा जन्मभर कारभार केलेला मुत्सद्दी शेवटी गडोगडी कैदेत फिरविला गेला, हा दुसरा. ज्या गडावरून राज्य चालत होते तो गड राज्याचा तुरुंग झाला, की त्याच्यासाठी जीव कोण देणार? आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, १८१८ च्या उन्हाळ्यात वेढा घालणाऱ्याच्या पाठीवर कोणी नव्हते. त्याचा दाणा सुखरूप येत होता, चारा येत होता, दारूगोळा येत होता. बाहेरून मदत येणार नाही हे गडावरच्या शेवटच्या शिपायालाही कळून चुकले होते. ज्या गडाची सुटका करायला कोणी येणार नाही, तो गड पडण्याचा प्रश्न काही दिवसांचाच असतो.

गड घेतल्यावर इंग्रजांनी जे केले त्यावरून त्यांना या गोष्टीचे मर्म किती कळले होते ते दिसते. त्यांनी पुष्कळ किल्ल्यांचे दरवाजे पाडले, तट सुरुंगांनी उडविले, पायऱ्या फोडल्या, आणि शिबंदी मोडून टाकली. यांतले शेवटचे काम सर्वांत परिणामकारक ठरले. पडलेला तट बांधता येतो, पण मोडलेले गाव बसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गडाची चाकरी करून त्याबद्दल जमिनी खाणाऱ्या लोकांना एकाएकी कोणतेच काम राहिले नाही. इतिहासाच्या पुस्तकांत १८१८ पाशी एक प्रकरण संपते. या लोकांच्या आयुष्यात तेथे एक प्रकरण सुरू झाले. पुरंदरच्या पायथ्याचा उमाजी नाईक हा गडाची राखण करणाऱ्या रामोशी घराण्यातला. त्याने काही वर्षे सरकारला सळो की पळो केले, आणि १८३२ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्याला फाशी देण्यात आले. १८४४ मध्ये कोल्हापूर राज्यात गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात देण्याचे ठरताच सामानगडच्या लोकांनी दरवाजे लावून घेतले. बंड भुदरगड, पन्हाळ्यापर्यंत पसरले. कर्नल ओव्हन्स नावाचा इंग्रज अधिकारी बंडवाल्यांच्या हाती लागला आणि पन्हाळ्यावर कैदेत पडला. ऑक्टोबरात सामानगड आणि डिसेंबरात पन्हाळा तोफांच्या बळावर घेण्यात आला. त्या लोकांना राज्य परत मिळवायचे होते की आपली जमीन, असा प्रश्न कोणी विचारील. त्यांच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

राजगड आणि तोरणा यांच्या वाट्याला निराळे मरण आले. हे दोन्ही गड भोरच्या पंतसचिवांकडे होते, आणि भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले. येथे शेवट झाला तो दुर्लक्षाने. कामे सुटली, माणसे एकेक करून खाली उतरली, वाड्यांची लाकडे गेली, कौले गेली, जोती राहिली. टाक्यांत गाळ साठला. सुरुंगाचा धूर एका दिवसात विरतो. ओसाड पडण्याला दोन-तीन पिढ्या लागतात, म्हणून तिची तारीख कोठे लिहिली जात नाही.

आता पुन्हा त्या धारेवर यावे. राजगड मागे पडलेला असतो, तोरणा पुढे वाढत असतो. डावीकडे दूर भाटघरच्या धरणाचे पाणी चमकते, उजवीकडे गुंजवणीचे खोरे पसरलेले दिसते. दोन्ही गड एकदम दृष्टीत येतील अशा जागा या वाटेवर पुष्कळ आहेत. तेथे थांबले की ध्यानात येते ते असे: राजगडावरचा धूर तोरण्यावरून दिसला पाहिजे, तोरण्यावरची हाक धारेवरच्या माणसाने पुढे नेली पाहिजे, खालच्या गावाने दाणा दिला पाहिजे आणि घेऱ्यातल्या माणसाने वाट राखली पाहिजे. हे सर्व होते तोवर दोन डोंगर मिळून एक किल्ला होता. ते संपले तेव्हा दोन डोंगरांवर नुसते दगड उरले.

जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’ने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. राजगड त्यांत आहे, तोरणा नाही. यात कोणाला दोष द्यावा असे नाही, यादी म्हटली की ती कोठेतरी थांबणारच. आनंद मानण्यासारखीच ही गोष्ट आहे. मात्र त्या नावातला ‘भूप्रदेश’ हा शब्द फार नेमका आहे, आणि तो आपण मनावर घेतला पाहिजे. वारसा केवळ बुरुजांचा नाही, बुरुजांना एकमेकांशी जोडणाऱ्या मुलखाचा आहे. आज गडांवर दुरुस्ती होते, दरवाजे बसतात, तरुणांच्या टोळ्या रविवारी घमेली-फावडी घेऊन टाक्यांतला गाळ उपसतात. गाळ उपसण्याचे हे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. अमात्यांनी पहिला मान पाण्यालाच दिला होता. जयजयकाराचा आवाज घशात असतो तोवर टिकतो. टाके एकदा साफ झाले की पुढचा चैत्र-वैशाख गडावर येणाऱ्याची, रानातल्या गुरांची आणि पाखरांची तहान भागवते.

पण तेवढ्याने पुरे होणार नाही. धारेवरच्या धनगरवाड्याला पायथ्याच्या शाळेची आणि दवाखान्याची वाट किती लांब आहे, हेही गडाच्याच हिशेबात धरले पाहिजे. कोणत्या घळीत पाणी उन्हाळाभर टिकते, पावसाळ्यात कोणती वाट सुटते, धुक्यात कोणत्या खडकावरून वळायचे, ही माहिती आज त्या चार घरांतच शिल्लक आहे. चुकलेल्या पोराला अंधारात शोधायला कंदील घेऊन तेच निघतात. तीनशे वर्षांपूर्वी ज्या ज्ञानावर राज्य उभे होते, त्या ज्ञानाचे हे शेवटचे वारस. ती घरे खाली उतरली, तर राजगडाचा प्रत्येक दगड जागच्या जागी बसवूनही गड पुन्हा एकदा पडला, असेच म्हणावे लागेल. आणि त्या पडण्याचीही तारीख कोणी लिहून ठेवणार नाही.